साथीला गिटार



रॉक, फोक, ब्लूज आणि जॅझ या चार प्रवाहांतले आवडते गिटारवादक कोण, असं विचारलं की उत्तर जवळजवळ तयारच असतं. जिमी हेन्ड्रिक्स, एरिक क्लॅप्टन, जिमी पेज, बी. बी. किंग, सांगणारा जरा जाणकार असला तर वेस माँटगोमेरी किंवा जँगो राइनहार्ट. अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' मासिकाने सर्वश्रेष्ठ गिटारवादकांची यादी 2003 मध्ये काढली, 2011 मध्ये काढली आणि 2023 मध्ये पुन्हा काढली. खाली बरीच उलथापालथ झाली, पण पहिला नंबर तिन्ही वेळा हेन्ड्रिक्सचाच राहिला. 2003 च्या शंभर जणांत बाया दोनच होत्या, जोनी मिचेल आणि जोन जेट. हेन्ड्रिक्सच्या नंबराबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार यादी करणाऱ्या कानाबद्दल आहे. हा कान गिटारमध्ये गाणारा गळा शोधतो. जो वादक काही क्षण गायकाला बाजूला सारून त्याच्या जागी उभा राहतो आणि तारेवर गातो, त्याचं नाव या कानाला आठवतं. गायकाच्या मागे बसून गाणं उभं करणाऱ्याचं नाव आठवत नाही. आणि मला आज इथे वणीत मांडायचं आहे ते हे, की गिटारचं मोठं काम चारही प्रवाहांत साथीचंच आहे. ते ध्यानात घेतलं की आवडत्यांची यादी पार बदलते, आणि तिच्यात मुंबईच्या स्टुडिओतली माणसंही जगाच्या पंगतीला येऊन बसतात.

पुरावा लांब शोधायला नको. भूपिंदर सिंग हे नाव वणीतही सगळ्यांना ठाऊक आहे. 'मौसम'मधलं 'दिल ढूंढता है', 'घरोंदा'मधलं 'एक अकेला इस शहर में' आणि पुढच्या असंख्य गझला. 2022 च्या जुलैत ते गेले तेव्हा लोकांनी गझलगायकाला निरोप दिला. पण याच माणसाच्या हातची गिटार आपण त्याच्या गळ्याइतकीच, कदाचित जास्तही ऐकली आहे. 1971 च्या 'दम मारो दम'ची ती सुरुवात, जिच्या पहिल्या दोन सुरांवरच गाणं ओळखू येतं, ती भूपिंदर यांची. 1973 च्या 'यादों की बारात'मध्ये 'चुरा लिया है तुमने' सुरू होताना गिटार पडद्यावर झीनत अमानच्या हातात दिसते; वाजवली आहे भूपिंदर यांनी. माणूस एकच, चित्रपटसृष्टी एकच, संगीतकारही पुष्कळदा तोच राहुलदेव बर्मन. रेकॉर्डवर नाव छापलं गेलं ते गळ्याचं, बोटांचं नाही. याहून स्वच्छ प्रयोग कुणी मुद्दाम आखला असता तरी जमला नसता. वेगवेगळ्या दोन माणसांची तुलना केली असती तर कुणी म्हणालं असतं, एकाची गुणवत्ता कमी असेल. इथे ती पळवाटच नाही.

मग गिटारवादकाचं नाव आपल्याकडे कधी छापलं गेलं? गायक रेकॉर्डवर नव्हता तेव्हा. व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या तबकड्या घरोघर गेल्या, रेडिओवर कार्यक्रमांच्या मधल्या वेळात वाजल्या, आणि त्यांच्या वेष्टनावर वादकाचं नाव ठळक होतं. त्यात होतं काय? सिनेमातल्या गाण्याची चाल, जशी लताबाईंनी किंवा रफीसाहेबांनी म्हटली तशी, हवाईयन पद्धतीने तारेवर धातूची कांडी सरकवत. गायकाची रिकामी खुर्ची गिटारने भरली आणि खुर्चीबरोबर मानही मिळाला. ब्रिजभूषण काब्रा यांची वाट याहून कितीतरी उंच होती. अली अकबर खाँसाहेबांची तालीम घेऊन त्यांनी गिटारवर आलाप आणला, 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर ती बसवली. विश्वमोहन भट्ट यांना राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रणासाठी 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं. ही थोर कामं आहेत. पण तीही गायकी अंगाची कामं आहेत. मींड घेता येते म्हणून गिटारला आपण रागसंगीताच्या बैठकीवर घेतलं. अमान्सिओ डिसिल्वा यांची कथा त्याच मुद्द्याची दुसरी बाजू. गोवेकर आईबापांचा हा मुंबईत 1936 मध्ये जन्मलेला जॅझवादक. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते लंडनला गेले, 1969 मध्ये 'इंटिग्रेशन' ही तबकडी त्यांच्या नावाने निघाली, आणि त्याच साली सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरची 'हम दोनो'. जॅझवादक म्हणून स्वतःच्या नावाची तबकडी मिळायला या मुंबईकराला लंडन गाठावं लागलं. मुंबईच्या स्टुडिओत त्याच काळात गोव्याची किती माणसं वाजवत होती, हे वेगळं सांगायला नको. 1977 मध्ये 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात प्यारेलालजींनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंचं, अँथनी गोन्साल्विसांचं नाव गुंफलं म्हणून निदान ते एक नाव घराघरात पोचलं, आणि तेही बहुतेकांना पात्राचं नाव वाटलं.

हा नुसता आपला दोष नव्हे. गिटारच्या इतिहासातच त्याचं कारण आहे. विजेच्या आधीची गिटार मोठ्या वाद्यवृंदात ऐकूच येत नसे. तुताऱ्या, सॅक्सोफोन, ड्रम यांच्यापुढे लाकडी पेटीतला तो आवाज कुठवर जाणार? म्हणून जॅझमध्ये तिच्याकडे ठेक्याचं काम आलं. 1930 च्या दशकात विजेवरच्या गिटारी निघाल्या (सुरुवातीच्या तर हवाईयनच होत्या, मांडीवर आडव्या ठेवून वाजवायच्या), आणि 1939 मध्ये चार्ली ख्रिश्चन हा तरुण बेनी गुडमनच्या संचात आला. त्याने सॅक्सोफोनवाल्यासारख्या लांब, सलग स्वरओळी गिटारवर वाजवल्या. पंचविसाव्या वर्षी क्षयाने तो गेला, पण तेवढ्या अडीच-तीन वर्षांत गिटारला गळा मिळाला होता. आजच्या सगळ्या याद्यांचा उगम इथे आहे. रॉकने हा गळा आणखी मोठा केला, विकृत केला, त्याला किंचाळायला शिकवलं. मूळ कल्पना ख्रिश्चनचीच.

त्याच वेळी, त्याच देशात, काउंट बेसीच्या संचात फ्रेडी ग्रीन नावाचा माणूस बसलेला होता. 1937 मध्ये तो या संचात आला आणि 1987 मध्ये मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं, तिथेच राहिला. वीज त्याने जवळपास वर्ज्य मानली, एकट्याने वाजवणं तर टाळलंच. त्याच्या हाताकडे जरा जवळून बघू. चार मात्रांच्या प्रत्येक मात्रेवर एक झटका, पट्टी एकसारखी वरून खाली. डाव्या हाताने पुरी कॉर्ड धरल्यासारखी दिसते, पण नीट ऐकलं तर पुष्कळदा एक किंवा दोनच तारा वाजतात, बाकीच्या बोटाने दाबून मुक्या केलेल्या. म्हणजे स्वर कमी आणि लाकडाचा, तारेचा टणत्कार जास्त. तारा पडद्यांपासून नेहमीपेक्षा बऱ्याच उंच ठेवलेल्या, त्यामुळे दाबायला कष्ट, पण आवाजाला धार. दुसऱ्या मात्रेला नाद सुटतो न सुटतो तोच बोटं सैल होतात आणि तो तुटतो. तबल्याचा ठेका ऐकणाऱ्याला हे चटकन कळावं, कारण बंद आणि खुला बोल यांच्या अदलाबदलीवरच ठेक्याची चाल चालते. ऐकताना ग्रीन ऐकू येत नाही असं वाटतं. मग लक्षात येतं की ड्रम आणि बास यांना सांधणारं काहीतरी सतत चालू आहे, आणि सगळा संच पाऊल टाकतो ते त्याच्यावर. जॅझमधला माझा आवडता गिटारवादक हा आहे. जँगो राइनहार्टच्या जळालेल्या दोन बोटांची कहाणी रोमांचक आहे आणि त्याचं वादनही तितकंच. पण ग्रीनशिवाय बेसी नाही.

आता ब्लूज. हा विषय वणीला परका असायचं कारण नाही. 1905 पूर्वी हा जिल्हा वणीच्याच नावाने ओळखला जाई, आणि त्याचं नशीब कापसाशी बांधलेलं होतं. 1861 ते 1865 या अमेरिकेच्या यादवी युद्धात तिथला कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध सरलं आणि भाव कोसळला. ज्या मिसिसिपीच्या कापूसपट्ट्याशी आपली अशी गाठ पडली, तिथेच पुढे गुलामांची नातवंडं बटईने कापूस पिकवत असताना ब्लूज जन्मला. त्यांच्याकडे गिटार आली ती स्वस्त होती म्हणून; टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानांच्या सूचीपुस्तकातून ती मागवता येई. एक माणूस, एक वाद्य, रात्रभर नाचणारं खोपट. साथीला दुसरा कुणी ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून एकाच माणसाने सगळी साथ दोन हातांत भरली. रॉबर्ट जॉन्सनने 1936 आणि 1937 मध्ये टेक्सासमध्ये दोन वेळा मिळून 29 गाणी मुद्रित केली आणि 1938 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो मेला. ती गाणी ऐकणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं की दोघे वाजवताहेत. अंगठा खालच्या तारांवर चालता ठेका धरतो, बोटं वरच्या तारांवर गाण्याला उत्तर देतात, मधेच काच किंवा धातूची नळी सरकते आणि ओळीचा शेवटचा शब्द गळ्याऐवजी तारेवर पुरा होतो. 1961 मध्ये या गाण्यांची मोठी तबकडी निघाली आणि इंग्लंडमधल्या पोरांनी ती पाठ केली. त्यांनी उचललं ते मुख्यतः उत्तर देणाऱ्या बोटांचं काम. अंगठ्याचं काम त्यांनी बास आणि ड्रमवर सोपवून दिलं. रॉकचं लीड गिटार या वाटणीतून आलं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आपल्याकडे या जातीचं वादन नव्हतं का? याच पट्ट्यात, केळापूर-झरीपासून पलीकडे आदिलाबादपर्यंत, परधानांची किंगरी आहे. गोंडांच्या देवादिकांच्या, पूर्वजांच्या कथा सांगणारा परधान गातो आणि गजाने किंगरीही तोच वाजवतो. राष्ट्रसंतांच्या खंजेरीबद्दल विदर्भात काय सांगावं! तुकडोजी महाराजांच्या भजनातून खंजेरी काढून बघा, काय उरतं ते. गाणाराच साथीदार आहे, आणि साथ काढली तर गाणंच लंगडं होतं, ही गोष्ट आपल्या कानाला उपजत ठाऊक आहे. ब्लूजकडे यायचा आपला दरवाजा तोच आहे. क्लॅप्टनच्या तानांमधून जायची गरज नाही.

फोकमध्ये हा मुद्दा इतका उघड आहे की फार बोलायला नको. एलिझाबेथ कॉटन ही डावखुरी बाई. उजव्या हाताची गिटार तिने तारा न बदलता उलटी धरली, त्यामुळे जिथे सगळ्यांचा अंगठा खर्ज वाजवतो तिथे तिची बोटं खर्ज वाजवू लागली आणि अंगठा चाल. 'फ्रेट ट्रेन' हे तिचं लहानपणीचं गाणं; पुढे ती वॉशिंग्टनमध्ये सीगर कुटुंबात घरकाम करत असताना त्या घरच्या गाणाऱ्या मंडळींना तिचं वादन कळलं, 1958 मध्ये तबकडी निघाली आणि ग्रॅमी मिळालं ते 1985 मध्ये, नव्वदीच्या घरात. जोनी मिचेलला नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात अशक्त राहिला, म्हणून तिने तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांत लावायला सुरुवात केली आणि त्यातून अशा कॉर्ड निघाल्या ज्या पुस्तकात सापडत नाहीत. दोघींनीही गिटारवर वेगाची शर्यत कधी लावली नाही.

इथे पहिला खरा आक्षेप येतो. बी. बी. किंगचं काय? तो गाताना वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे. कॉर्डच्या फंदात तो फारसा पडलाच नाही. साथ हा निकष लावला तर ब्लूजचा हा राजा पदच्युत होतो. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. किंग हा गळ्याचा वादक आहे, आणि त्याच्या डाव्या हाताच्या कंपातला एक स्वर इतरांच्या पन्नास स्वरांना भारी पडतो. पण तो कधी वाजवतो ते बघा. ओळ संपते, तो थांबतो, मग तार बोलते, आणि पुढच्या ओळीसाठी जागा सोडून गप्प बसते. सारंगीवाला गायकाच्या मागे जे करतो त्याच्याशी याचं नातं जवळचं आहे; फरक इतकाच की गायक आणि सारंगीवाला एकाच अंगरख्यात आहेत. हेन्ड्रिक्सचंही असंच आहे. 1967 च्या 'लिटल विंग'मध्ये शेवटची तान सगळ्यांना आठवते. गाणं चालू असताना तो मागे जे वाजवतो त्यात कॉर्ड, चाल आणि अलंकार एका हाताखाली एकमेकांत विरघळलेले असतात. मला वाटतं त्याची खरी प्रतिभा तिथे आहे. म्हणजे त्याचा पहिला नंबर मी काढत नाही, फक्त वेगळ्या कारणासाठी देतो. कीथ रिचर्ड्सने सहावी तार काढून टाकून पाच तारांवर रोलिंग स्टोन्सची निम्मी गाणी उभी केली. त्याला कुणी महान सोलोवादक म्हणत नाही, आणि त्याला फरकही पडत नाही.

दुसरा आक्षेप मुंबईच्या बाबतीत घेतला जातो. स्टुडिओतला वादक सांगितलं ते वाजवतो. अरेंजरने स्वरलिपी लिहिली, संगीतकाराने चाल दिली, वादक बोटांचा मजूर. त्याला कलावंत कसं म्हणायचं? असा प्रश्न विचारणाऱ्याने सिम्फनीतल्या व्हायोलिनवाल्यालाही तो विचारावा. शिवाय हा आक्षेप अमेरिकेत घेऊन झाला आहे आणि मोडीतही निघाला आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत फंक ब्रदर्स नावाने ओळखले जाणारे वादक सगळ्या गायकांच्या मागे वाजवत, आणि तबकडीवर त्यांची नावं नसत. 1964 च्या 'माय गर्ल'च्या सुरुवातीची गिटार रॉबर्ट व्हाइटची. ऐकणाऱ्याला ती गाण्याचं दारच वाटते. 1971 मध्ये मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर या मंडळींची नावं छापली गेली आणि त्यांच्यावर माहितीपट निघाला तो 2002 मध्ये. मुंबईच्या वादकांवर ग्रेगरी बूथ या अभ्यासकाचं पुस्तक यायला 2008 उजाडलं. स्वरलिपी लिहिलेली असते हे खरं. पण झटका किती खोल, तार कधी मुकी करायची, गायिकेने श्वास घेतला तर मात्रा किंचित मागे ठेवायची की नाही, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. ते त्या टेकमध्ये वादक ठरवतो.

तिसरा आक्षेप आपल्या संगीताच्या बाजूने येतो आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. आपल्या कानाला मींड हवी. पडद्यांची गिटार बारा ठरावीक घरांत स्वर कोंबते. कॉर्ड तर त्याहून परकी. तेव्हा हवाईयन किंवा विश्वमोहन भट्टांची मोहनवीणाच आपली, बाकीची गिटार म्हणजे सिनेमाची रंगरंगोटी. याला मराठी माणसाने तरी सावधपणे उत्तर द्यावं. हाच न्याय लावून 1940 मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केलं, आणि ते तीसेक वर्षं बंद राहिलं. त्याच काळात महाराष्ट्रात काय चाललं होतं? गोविंदराव टेंब्यांनी पेटीला जो मान मिळवून दिला होता तो टिकून होता. नाटकाच्या खड्ड्यातून आणि मैफलीच्या बैठकीतून पेटी कुणी उठवली नाही. ठरावीक घरांचं वाद्य गळ्याच्या मागे कसं चालवायचं, कुठे बोट उचलून गायकाची मींड मोकळी सोडायची, ही विद्या पेटीवाल्यांनी घडवली. आणि आपल्या रसिकांनी साथीदारांची नावं ध्यानात ठेवली. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष आहेत, हे माहीत असणारा प्रेक्षक बालगंधर्वांच्या एकाएका पदासाठी जागत होता. मैफलीच्या पत्रिकेवर गायकाखाली साथीदारांची नावं छापायची रीत आपल्याकडे आहे. सिनेमाच्या तबकडीवर ती पाळली गेली नाही, कारण ती तबकडी मैफलीचा नव्हे तर नटीच्या चेहऱ्याचा विस्तार म्हणून विकली गेली. कॉर्ड परकी आहे, मान्य. पण तीही पेटीसारखी गळ्यामागे नांदायला शिकली. 'चुरा लिया' ऐकताना आशाबाईंचा गळा कुठे अडखळतो का, ते प्रत्येकाने आपल्या कानाने तपासावं.

राहिला चोरीचा आक्षेप. 1980 च्या 'कर्ज'मध्ये 'एक हसीना थी'ची जी गिटारची धून आहे, लग्नाच्या वरातीतले बँडवालेही जी वाजवतात, ती जॉर्ज बेन्सनच्या 'वी अ‍ॅज लव्ह' या रचनेवरून घेतली आहे. हे झाकण्यात अर्थ नाही. पण तो हिशेब लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या नावावर मांडावा. ज्यांनी ती वाजवली त्या गोरख शर्मांच्या नावावर नव्हे. चाल उसनी आणता येते, वाजवणं स्वतःलाच करावं लागतं. सिनेमात त्या धुनेवर जुन्या जन्माची आठवण उभी करायची होती, ती तीनचार स्वरांत पुन्हापुन्हा उभी राहते, आणि 2018 मध्ये गोरखजी गेले तेव्हाही सामान्य प्रेक्षकाला ती गिटार ऋषी कपूरची वाटत होती. ज्याची धून उचलली त्या बेन्सनचं नाव तरी इथे कुणाला ठाऊक होतं? आणि त्याच्या स्वतःच्या देशातही, वेस माँटगोमेरीच्या तोडीचा जॅझ गिटारवादक म्हणून जाणकारांत मान्य झालेला हा माणूस घराघरात पोचला तो 1976 मध्ये 'धिस मास्करेड' हे गाणं गायल्यावर, आणि 1977 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचं ग्रॅमी त्याला मिळालं तेही याच गाण्यासाठी.